पाकिटावर कुणाच्या आईचं नाव

कावळा कुरडई उचलून निघाला होता. मी काठी आपटली, तो दचकला आणि कुरडई गच्चीच्या कडेला टाकून उडाला. मी ती उचलली, फुंकून साफ केली आणि तिच्या जागेवर नीट ठेवली. मला वाटलं, आता काकी शाबासकी देणार.

काकी जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी बघितलं होतं.

तिसगावात उन्हाळा लागला की गच्च्यांवर जुनी लुगडी पसरतात आणि वाळवणं सुरू होतात. काकींचं घर गावात मोठं. जमीन काळी, विहिरीला पाणी, गच्ची एवढी ऐसपैस की आमच्या आळीतली दोन घरं तिच्यावर मावली असती. त्यांच्या कुरडयांसाठी माझी आई दरवर्षी जायची. गहू निवडायची, भिजवायची, रोज पाणी बदलायची, वाटायची. हात गव्हाच्या आंबूस वासानं भरून जायचे, घरी आली तरी तो वास जायचा नाही. पण चूल पेटली आणि चीक शिजायला पडला की आईनं बाजूला व्हायचं. मग काकी आणि त्यांच्या भावकीतल्या बाया पुढं यायच्या, सोऱ्या धरायच्या, कुरडया पाडायच्या. ओला गहू आईच्या हातचा चालायचा. शिजलेला चीक चालायचा नाही. हे कुणी कधी बोलून दाखवलं नाही. आईला ठाऊक होतं, काकींना ठाऊक होतं. मला नव्हतं, कारण मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला फक्त काठी दिली होती आणि जिन्यापाशी बसवलं होतं.

काकी ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सावकाश त्या अख्ख्या लुगड्याकडं पाहिलं. सकाळपासूनच्या सगळ्या कुरडया. अर्ध्या वाळलेल्या, पांढऱ्याशुभ्र. मग हसून खाली आईला हाक मारली.

"मार्था, ह्या समद्या घिऊन जा गं. लेकरांला व्हतील. आमच्याकडं लई हायेत."

आई वर आली. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा लुगड्याकडं. आणि म्हणाली, "उपकार झाले काकी."

ते लुगडंही काकींनी परत मागितलं नाही. आईनं चारी टोकं धरून ते गाठोडं डोक्यावर घेतलं आणि आम्ही घरी आलो. मी वाटेत जवळजवळ नाचत होते. कावळा मी हाकलला म्हणून एवढं बक्षीस मिळालं, असा माझा हिशेब. आई एक शब्द बोलली नाही. ऊन फार आहे म्हणून बोलत नसेल, असं मला वाटलं.

तो उन्हाळाभर आम्ही कुरडया खाल्ल्या. तळून खाल्ल्या, भाजी करून खाल्ली, पाहुण्यांना वाढल्या. काय चवीच्या होत्या. शाळा सुरू झाल्यावर काकींच्या मुलीनं मधल्या सुट्टीत, चार पोरींच्या देखत, अगदी सहज विचारलं, "आमच्या बाटलेल्या कुरडया संपल्या का गं तुमच्या?"

तेव्हा कळलं. कावळ्यानं चोच मारलेली एक कुरडई त्यांनी गाईपुढं टाकली असती आणि बाकीच्या डब्यात भरल्या असत्या. माझा हात लागला म्हणून अख्खं लुगडं गेलं. आणि वर आम्हीच उपकार मानले.

त्या दिवसापासून मला कुणी काही फुकट दिलं की मी ते उलटसुलट करून बघते. स्वभावच झाला. कुणी कौतुक केलं तरी मी आधी त्याच्या चेहऱ्याकडं बघते, हा आता काय टाकून देतोय म्हणून.

आम्ही ख्रिस्ती. आमच्या पणज्यानं कधीतरी देव बदलला. गावानं आमची जागा बदलली नाही. नाताळात आई करंज्यांची ताटं गावात पाठवते. लोक ताट घेतात, हसतात, ताटात साखर घालून परत देतात. त्या करंज्या पुढं कुठं जातात ते मी कधी बघायला गेले नाही. बघायची हिंमत नाही, हेच खरं.

बारावीनंतर मी नगरला शिकले. बी.कॉम. झाले. नोकरी मिळेना. एका ठिकाणी मिळाली, ती टिकेना. मग आईच्या हातात जे होतं तेच धरलं. आईला चीक शिजवू दिला नाही काकींनी, पण तिनं वर्षानुवर्षं लांबून बघितला होता. आमच्या घरामागं पत्र्याखाली चूल मांडली, आळीतल्या दोन बाया हाताशी घेतल्या. कुरडया, पापड, शेवया. मी त्या पाकिटात भरून, स्कूटीवर बांधून नगरच्या सावेडीत फ्लॅटोफ्लॅटी विकायला लागले. पाकीट कोरं. नुसतं पारदर्शक प्लास्टिक, आतला माल दिसतो, बाहेर एक अक्षर नाही. माल खपायचा. बाया दारात उभ्या राहून कौतुक करायच्या. "अगदी घरच्यासारख्या आहेत गं." मग हळूच पुढचा प्रश्न यायचा. "तुम्ही कुठल्या? आडनाव काय तुमचं?"

मी म्हणायची, "आम्ही तिसगावच्या." आणि पुढच्या दाराची घंटी वाजवायची. हा माझा धंद्यातला पहिला धडा. आडनाव विचारायच्या आत निघायचं.

तिथंच सावेडीत तरुणांना उद्योजक करण्याचा एक वर्ग चालायचा. चालवणारे सर स्वतः मोठे व्यापारी. गोड बोलणं, पांढरा शर्ट, समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय. वर्गात भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे व्हा. मी पहिल्याच दिवशी मनात म्हटलं, हे सांगणाऱ्याचं दुकान मेन रोडवर आजोबांपासून आहे. त्याला नोकरी मागायची वेळ कधी आली होती? पण गप्प बसले. शिकायला आले होते आणि खोटं कशाला बोलू, शिकलेसुद्धा. मालाची किंमत कशी काढायची, पाकीट हवाबंद कसं करायचं, परवाना कुठं काढायचा, हे सगळं सरांनी नीट शिकवलं.

एकदा त्यांनी पडद्यावर प्रश्न टाकला, तरुण उद्योजक का होतात? मग उत्तरं एकेक करून उमटत गेली. स्वातंत्र्याची ओढ. काहीतरी नवं करण्याची आवड. स्वप्न. समाजासाठी काही करण्याची इच्छा. पोरं भराभरा उतरवून घेत होती. मी वाट बघत होते. अपमान हा शब्द येईल म्हणून. कुणीतरी लाथाडलं म्हणून, दारात उभं केलं म्हणून, पाण्याचा पेला वेगळा ठेवला म्हणून. नाही आला. पुढचा विषय सुरू झाला.

सरांना माझा माल आवडला. मनापासून आवडला, त्यात मला शंका नाही. त्यांनी शब्द टाकला आणि सावेडीतली चार मोठी दुकानं माझ्या कुरडया ठेवायला तयार झाली. एकच अट. कोरं पाकीट चालणार नाही, लेबल हवं. मी लेबल करून नेलं. पांढऱ्या कागदावर काळी अक्षरं. मार्थाबाईंच्या कुरडया, तिसगाव.

सरांनी ते हातात धरलं. मग चहा मागवला. समोरच्याला चहा पाजून नकार द्यायची पद्धत मला ओळखीची आहे.

"हे बघ," ते म्हणाले, "मी जात मानत नाही. माझ्या घरी सगळे येतात, जेवतात. पण मार्केट मानतं. कुरडई म्हणजे सणावाराची, नैवेद्याच्या पानातली गोष्ट. हे नाव वाचून बाई पाकीट खाली ठेवील. तुझाच तोटा."

मी विचारलं, "मग काय लिहू?"

त्यांनी मोबाईलवर चित्र दाखवलं. तयारच होतं. नऊवारीतली, नाकात नथ घातलेली हसरी बाई आणि खाली गोल अक्षरात, सुमनताईंच्या कुरडया.

"सुमनताई कोण?"

"माझी आई," सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम हळवा झाला. "तिला विचारलंय मी. तिची काही हरकत नाही. उलट आनंद झाला तिला. एक पैसा नको आम्हाला. तुला आमच्याकडून भेट समज."

गहू माझ्या आईनं भिजवायचा, वाटायचा, चुलीपुढं तिनं भाजून निघायचं, आणि नाव यांच्या आईचं. तेही यांच्या मेहेरबानीनं. आणि हा माणूस वाईट नव्हता. हेच मला सगळ्यात जास्त लागलं. त्याला खरंच वाटत होतं की तो मला काहीतरी देतोय. मी "विचार करते" म्हणाले आणि उठले. चहा तसाच राहिला.

घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं, ती चिडेल. ती पापड लाटत होती, लाटतच राहिली.

"मग लिव्ह की त्यांच्या आईचं," ती म्हणाली. "नाव काय चाटायचं हाय? माल खपल्याशी मतलब."

"आणि तुझं नाव?"

"माझं नाव कशाला पायजे? चर्चच्या वहीत हाय तेवढं बास झालं."

मी तिच्यासमोर बसले. जी गोष्ट आम्ही दोघींनी इतक्या वर्षांत कधी काढली नव्हती ती काढली. "त्या दिवशी गच्चीवर तू उपकार झाले का म्हणालीस?"

आईचं लाटणं थांबलं.

"मग काय म्हनायचं हुतं? दुसऱ्या दिवशी कामाला कुठं जानार हुते मी? तुला कुनाचं शिव्याशाप ऐकू द्यायचे न्हवते. म्हनून गाठोडं उचललं. तू नाचत हुतीस. तेवढी वाट तरी नाचू दिली तुला."

मला रडू आलं. आईला नाही आलं. तिनं हाताचं पीठ झटकलं आणि लेबलाचा कागद उचलून बघितला. तिला वाचता येतं, बायबल वाचून वाचून शिकली आहे. स्वतःचं नाव छापील अक्षरात तिनं कधी वाचलं नसावं. पुन्हा पुन्हा बघत होती.

"लिव्ह," ती शेवटी म्हणाली. "पन माल परत आला तर मला सांगू नको."

सरांच्या वर्गाचा शेवटचा दिवस म्हणजे मोठा कार्यक्रम. सभागृह, हारतुरे, बाहेर आम्हा मुलामुलींची टेबलं. आमच्यातल्या तिघांना स्टेजवर बोलायचं होतं, त्यात मी. सरांनी आधीच बजावलं होतं, "आईचे कष्ट, तुझी जिद्द, मग यश. असं ठेव. वस्ती, जात वगैरे नको काढूस. लोक अस्वस्थ होतात. वातावरण पॉझिटिव्ह राहिलं पाहिजे."

त्या सकाळी मी प्रत्येक पाकिटावर आईच्या नावाचं लेबल लावलं. सर स्टेजच्या गडबडीत, त्यांचं लक्ष नव्हतं. चहाच्या वेळी लोक टेबलांवरून फिरले. मी तळलेल्या कुरडया ताटात ठेवल्या होत्या. लोकांनी मुठी भरभरून खाल्ल्या. लेबल कुणी वाचलं नाही. खाताना कोण वाचतं? एक रेशमी साडीतल्या बाई पाकीट हातात घेऊन म्हणाल्या, "हे माझं. आत जाऊन येते, मग पैसे देते." पाकीट त्यांनी पर्समध्येच घातलं.

माझं नाव पुकारलं गेलं. सरांनी माईक हातात देत हसून विचारलं, "सांग, तुझी प्रेरणा काय?"

मी काही पाठ केलं नव्हतं. जे आलं ते बोलले.

"माझ्या आईचं नाव मार्था. ती तिसगावात लोकांच्या गच्चीवर कुरडयांचा गहू धुवायची. शिजलेल्या चिकाला हात लावायची तिला मुभा नव्हती. मी एकदा एका कुरडईला हात लावला तर सगळ्या कुरडया बाटल्या. म्हणून मी कुरडयांचा धंदा काढला. आत्ता चहाबरोबर तुम्ही खाल्ल्या त्या तिनंच केल्यात. हे सांगू नको, असं मला सांगितलं होतं."

मग एका कोपऱ्यातून टाळी आली आणि मग सगळीकडून. काही जण उभेसुद्धा राहिले. मी त्या टाळ्यांकडं बघत राहिले. मला टाळ्यांचा लई जुना संशय. टाळी वाजवली की हात मोकळे होतात, काही घ्यावं लागत नाही.

बाहेर आले. टेबलाभोवती गर्दी झाली. लोकांनी माझ्यासोबत सेल्फी काढले. "काय धाडस तुमचं!" "डोळ्यात पाणी आणलंत हो!" एका काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पाकिटं टेबलावर जशीच्या तशी. ताटातल्या कुरडया तशाच. मघाशी मुठीनं खाणारे आता ताटाकडं बघतही नव्हते. रेशमी साडीतल्या बाई आल्या, माझा हात हातात घेऊन घट्ट दाबला, मग पर्समधून पाकीट काढून हळूच टेबलावर ठेवलं.

"नंतर घेते हं," म्हणाल्या.

मी पाकीट सरळ करून ठेवलं.

सर आले. त्यांचा चेहरा पडला होता. रागापेक्षा दुखावल्यासारखे दिसत होते. "भावनेच्या भरात धंदा होत नाही गं," ते म्हणाले. "दुकानदारांना मी आता काय सांगू?"

"लेबल वाचून दाखवा," मी म्हणाले.

त्यांनी वाचून दाखवलं की नाही मला माहीत नाही. शब्द दिला होता म्हणून माल मात्र दुकानात ठेवायला लावला. आठवड्याभरात एकेका दुकानातून फोन यायला लागले. एकजण म्हणाला, ओलसर वाटतात. दुसरा म्हणाला, आकार मोठा आहे, लोकांना लहान लागतात. तिसरा म्हणाला, सध्या जागा नाही, सीझननंतर बघू. प्रत्येकाचं कारण वेगळं आणि प्रत्येकाचा आवाज नम्र. जातीबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. हाच माल कोऱ्या पाकिटात होता तेव्हा ओलसर नव्हता. चौथ्या दुकानदारानं ठेवला. त्याचाही मला संशयच येतो. मनापासून ठेवला की मागच्या फळीवर ढकलून दिला, हे मी एकदा गुपचूप जाऊन बघून आले. पुढं होता. तरी माझा विश्वास बसायला वेळ लागेल.

कधी कधी मला माझाही संशय येतो. मला धंदा करायचा आहे की सूड घ्यायचा आहे? सुमनताईंचं नाव लावलं असतं तर आज आळीतल्या आणखी चार बायांना काम मिळालं असतं. त्या बाया माझ्या तोंडावर काही बोलत नाहीत, पण त्यांनाही हे कळतं. मला एवढंच ठाऊक आहे की पाकिटावर दुसऱ्याच्या आईचं नाव लिहून मी माझ्या आईसमोर जेवायला बसू शकले नसते.

परत आलेली खोकी टेम्पोवाल्यानं थेट आमच्या दारातच उतरवली. आई ओट्यावर होती. लपवायला वेळच मिळाला नाही. तिनं खोकी बघितली. पुढं होऊन एकाचा चिकटपट्टीचा तुकडा ओढला, आत डोकावली. सगळी पाकिटं, सगळ्यांवर तिचं नाव.

"आला ना परत?"

"आला."

"सांगू नको म्हनलं हुतं ना मी?"

"मी नाही सांगितलं. तूच बघितलंस."

ती खोक्यापाशी खाली बसली. चेहरा असा की मला वाटलं, आता म्हणेल, टाक त्या सरांच्या आईचं नाव. मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण तिनं एक पाकीट काढलं, लेबलावरची धूळ पदरानं पुसली आणि विचारलं, "ही अक्षरं इतकी बारीक का काढलीस? माझ्यासारखीला चष्म्याबिगर दिसत न्हाईत."

मी दुसऱ्या दिवशी छापखान्यात गेले.

आता माझ्या पाकिटाच्या अर्ध्या भागावर नाव आहे आणि उरलेल्या अर्ध्यात कुरडया दिसतात. चित्र नाही, नथ नाही. मार्थाबाई, तिसगाव, आणि आमच्या आळीचा पूर्ण पत्ता. दुकानात गेले की मी पाकीट उलटं ठेवू देत नाही, नावाची बाजू वर करून मगच निघते. दारात कुणी आडनाव विचारायच्या आधीच मी सांगते. मग ज्यांचा हात मागं जातो त्यांच्याकडं मी डोळ्याला डोळा भिडवून बघते. बघवत नाही त्यांना. मला बघवतं.

माल यापुढंही परत येईल, हे मला चांगलं ठाऊक आहे. खुशाल परत करा. पण आता नाव दिसलं नाही म्हणायची सोय मी ठेवलेली नाही. परत करायचा तर वाचून करा.